2016-17ची आय-लीग आयझॉल एफसीने जिंकली ते निव्वळ नशीब होतं का?

नशीब होतं, पण तुम्ही शोधताय तिथे नव्हतं.

आय-लीग म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग, आणि आयझॉल मिझोरमचा क्लब. आदल्या मोसमात नऊ संघांत आयझॉल आठवा. नववा आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स, पण तो थेट प्रवेशाने आलेला नवा संघ, त्याला खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यातून सूट. म्हणून आठव्यावर कुऱ्हाड पडली. मग गोव्याच्या क्लबांचं भारतीय फुटबॉल फेडरेशनशी बिनसलं, ते लीगमधून बाहेर पडले, जागा झाली आणि आयझॉलला परत घेतलं. नशीब म्हणायचं तर एवढंच. पुढच्या 18 सामन्यांतलं यश मात्र खेळून मिळवलेलं: 11 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव, 37 गुण. दुसरा आलेला कोलकात्याचा मोहन बागान 36. नशिबावर एखादा कप निघतो हो, अख्खी लीग नाही निघत.

आता मी एवढा का तापलोय ते सांगतो. आयझॉलचा त्या मोसमातला कोच खालिद जमील. आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर 'खालिदला हाकला' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांत मी होतो.

आयझॉलच्या आधी खालिद 2009पासून सात वर्षं मुंबई एफसीचा कोच. आमचा मामा रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या स्पर्धेपासूनचा कूपरेजवाला, खालिदला त्याने महिंद्राच्या जर्सीत मिडफिल्डला खेळताना पाहिलेलं. मी शेजारी बसून कुरकुरायचो. हे काय फुटबॉल आहे, सगळे मागे, एक पुढे, बॉल आला की लांब मार. मामा शेंगा सोलत ऐकायचा. टरफलं खाली नाही टाकायचा, खिशात भरायचा. घरी मामी त्यावरून रोज बोलायची. एकदा मात्र भडकला. "तुला बार्सिलोना पाहिजे आणि तिकीट पाहिजे फुकट. या पोरांना घेऊन हा माणूस एकदाही खाली गेलेला नाही, ते दिसत नाही का तुला?"

मला नव्हतं दिसत. 2016मध्ये खालिद आणि क्लब वेगळे झाले तेव्हा मी मामाला फोन करून पेढे आण म्हटलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. खालिद आयझॉलला गेला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता, दोघे आधी आमच्याच मुंबई एफसीत, तेही तिकडे. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधे सीरियाचा महमूद अल अमना, बचावासमोर लायबेरियाचा जार्यान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो. बाकी मिझो पोरं, आणि ती काही आकाशातून पडलेली नव्हती. मिझोरमने 2012मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली होती, 2014मध्ये संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली होती. तयार पोरं होती, त्यांना बांधून ठेवणारा कोच हवा होता. आणि बांधून ठेवणं हीच तर माझी तक्रार होती!

22 एप्रिलला आयझॉलमध्ये बागानशी गाठ. 83व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेने, म्हणजे बचावपटूने, हेडर मारला. 1-0. आता शेवटच्या सामन्यात फक्त एक गुण हवा होता.

30 एप्रिल, रविवार. मामाच्या चाळीत दुसऱ्या दिवशीच्या महाराष्ट्र दिनासाठी पताका लावणं चाललेलं, लाऊडस्पीकरवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो, माईक चेक' करतंय. टीव्हीवर आयझॉलचा शिलाँग लाजाँगविरुद्धचा सामना, माझ्या मोबाइलवर कोलकात्यातल्या बागानच्या सामन्याचा स्कोर. नवव्याच मिनिटाला डिपांडा डिकाने लाजाँगसाठी गोल केला. त्या मोसमात सगळ्यात जास्त, 11 गोल त्याचेच. मी पटकन म्हटलं, "बघ, प्रेशर आलं की तुझा खालिद असाच." मामा काही बोलला नाही. शेंगा मात्र सोलायच्या थांबल्या.

तिकडे बागानचाही सामना चालू होता. हाफटाइमला मामी आमरसाच्या वाट्या ठेवून गेली, त्याला कोणी हात लावला नाही. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. शिट्टी वाजली तेव्हा 1-1. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय लीग विजेता, तोही वर्षापूर्वी खाली ढकललेला. आणि त्याच मोसमात आमची मुंबई एफसी दहात दहावी. त्यानंतर क्लबच बंद झाला.

मला वाटलं मामा आता मला सोलणार. तो म्हणाला, "चहा टाक." बस्स. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा नशीब-बिशीब म्हणण्याआधी एक काम करा. हायलाइट बघू नका, त्यात फक्त गोल दिसतात. बागानविरुद्धचा तो सामना मिळाला तर पूर्ण बघा, आणि बॉल सोडून आयझॉलचे मागचे चार आणि त्यांच्यासमोरचा जार्यान यांच्यावर नजर ठेवा. ज्याला हे 'निगेटिव्ह' वाटतं त्याने खुशाल पीएस फाइव्हवर खेळावं.

हां, एक मान्य करायला हवं. बागान आणि बंगळुरू हे क्लब त्या वर्षी एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धाही खेळत होते, त्यांचे पाय दमलेले होते. आयझॉलवर तो बोजा नव्हता. याला तुम्ही नशीब म्हणत असाल तर म्हणा, मी भांडणार नाही.

ऑगस्ट 2025मध्ये खालिद भारताचा कोच झाला तेव्हा मी मामाला फोन केला. म्हटलं, मामा, तू बरोबर होतास. पण मुंबई एफसीचा खेळ बघायला कंटाळवाणा होता, हे तरी कबूल कर.

"नऊ वर्षं झाली," मामा म्हणाला, "पेढे कुठेत?" आणि फोन ठेवला. कंटाळवाणा होताच पण.