हाताला काम

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत ‘पोस्टमन’ हा शब्द नऊ वेळा आलाय, आणि नऊही वेळा शिवी हासडल्यासारखा. एकांकिकेत तीन वाक्यांचा पोस्टमन वाट्याला आला, वय एकतीस झालं, चेहरा नायकाचा नाही, बँकेची नोकरी सोडल्याखेरीज काही जमणार नाही. चार वेगवेगळी दुखणी तू एकाच केसपेपरवर लिहून आणली आहेस. तू चांगला नट आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि त्याने पोस्टमन काही सुधारत नाही.

त्यापेक्षा बॅरी फिट्झजेराल्ड हा आयरिश नट बघ. डब्लिनचा माणूस, जन्म 1888 चा, खरं नाव विल्यम शील्ड्स. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी तिथल्याच अ‍ॅबी थिएटरच्या रंगमंचावर. वरिष्ठांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून नाटकासाठी वेगळं नाव घेतलं, तेच पुढे जगाला माहीत झालं. बुटका, जाड भुवयांचा, घोगऱ्या आवाजाचा. नोकरी सोडली 1929 मध्ये, म्हणजे एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तीही हवेत उडी मारून नाही. नाटककार शॉन ओ’केसीच्या ‘जूनो अँड द पेकॉक’मधला कॅप्टन बॉइल (1924) आणि ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’मधला फ्लुथर गुड (1926) या भूमिका तोवर त्याच्या नावावर पक्क्या झाल्या होत्या. ओ’केसीचं पुढचं नाटक अ‍ॅबीने नाकारलं, ते 1929 मध्ये लंडनला उभं राहिलं, आणि त्यात फिट्झजेराल्डला काम होतं. आधी काम, मग राजीनामा. क्रम नीट बघ, कारण तू नेमका उलटा लावतो आहेस.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पात्राच्या हाताला काम दे. बाकी सगळं मागून येतं.

फ्लुथर गुड हा सुतार. पडदा वर जातो तेव्हा तो एका खोलीच्या दाराला कुलूप बसवतोय. शेजारीण येऊन बडबड करते, तो उत्तरं देतो, दार उघडून-मिटून बघतो, पुन्हा कुलपाला भिडतो. त्या घराची, त्या चाळीसारख्या इमारतीची, कुणाला कुणापासून दार लावून घ्यायचंय याची सगळी माहिती प्रेक्षकाला कुलपातून मिळते. कॅप्टन बॉइलचं काम याच्या उलट, ते म्हणजे काम टाळणं. कुणी नोकरीचं नाव काढलं की त्याचे पाय दुखायला लागतात. हेही हाताला दिलेलं कामच आहे, फक्त पायांत गेलेलं! आणि दोघांनाही एकेक तहान आहे. फ्लुथरला दारू सोडायची आहे, बॉइलला फक्त बसून राहायचं आहे. हाताचं काम आणि मनाची तहान एकमेकांना ओढायला लागली की वाक्यं कशी म्हणायची हा प्रश्नच उरत नाही.

आता ‘द क्वाएट मॅन’ हा चित्रपट लाव. 1952 चा, दिग्दर्शक जॉन फोर्डचा. सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर अमेरिकेहून आलेला जॉन वेन इनिसफ्री गावाचा रस्ता विचारतो. चारजण भांडायला लागतात, कुणी मासेमारीवर घसरतं. तेवढ्यात मायकलीन ओग फ्लिन होऊन फिट्झजेराल्ड येतो, सरळ सामान उचलतो आणि चालायला लागतो. जॉन वेनला त्याच्या मागून जावं लागतं. भलामोठा नायक, आणि फ्रेम कुणाच्या हातात? ज्याच्या हातात बॅग आहे त्याच्या. हा तुझा पोस्टमन. समजतंय का?

हा प्रसंग तीनदा बघ. पहिल्यांदा आवाज बंद करून, नजर फक्त त्याच्या हातांवर. दुसऱ्यांदा आवाज चालू, पण बोलतोय त्याच्याकडे न बघता फिट्झजेराल्डकडे बघत. तिसऱ्यांदा डोळे मिटून. आवाज घोगरा, शब्द दाढीत अडकल्यासारखे, पण वाक्याचं शेवटचं व्यंजन एकदाही गिळलेलं सापडणार नाही. आमच्याकडे, आणि तुझ्याकडेही, वाक्याच्या शेवटी श्वास संपतो आणि क्रियापदच गायब होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, बाबा. तेच गेलं तर प्रेक्षकाला नुसती नामं ऐकू येतात.

पुढे तुटलेल्या पलंगाचा प्रसंग आहे. पलंग भांडणात मोडलाय हे आपल्याला माहीत, त्याला नाही. तो नवरीचं सामान घेऊन आत येतो, बघतो, थांबतो, मग दोन शब्द. आधीच्या थांबण्यात त्याच्या हातात सामान आहे म्हणून ते थांबणं शोभतं. रिकाम्या हातांनी तेवढाच वेळ उभा राहून बघ, लगेच ‘अभिनय’ दिसायला लागेल.

आता कुठे बिघडतं ते सांगतो, कारण तू हे वाचून उद्याच पोस्टमनला सोळा कामं देशील.

पहिली चूक अशी की काम आपल्या वाक्याबरोबर सुरू होतं आणि वाक्याबरोबर संपतं. मग तो नुसता हातवारा ठरतो. काम एंट्रीच्या आधी सुरू झालेलं हवं आणि एक्झिटनंतर उरलेलं हवं. दुसरी चूक मोठी. काम कथेपेक्षा मजेदार होतं. समोरची मुलगी रडतेय आणि तू कोपऱ्यात छत्रीशी झटतोयस, लोक हसतात, तुला वाटतं जिंकलो. हरलास. समोरच्याच्या महत्त्वाच्या वाक्यावर तुझे हात थांबले पाहिजेत. हात थांबले की प्रेक्षक आपोआप बोलणाऱ्याकडे वळतो. तिसरी चूक खोट्या वस्तूची. कागद कोंबलेली पिशवी खांद्याला वजन देत नाही, मग खांदा खोटं बोलतो.

कॅमेऱ्यासमोर आणखी एक भानगड. लाँग शॉटमध्ये कुठल्या शब्दावर हात उचललास तो क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर उचलावा लागतो, नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत आणि ज्याचे जुळतात त्याचाच चेहरा राहतो. म्हणून संहितेत त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार. एका वाक्याला एकच क्रिया. आणि ज्यांचं प्रमाण टेकगणिक बदलतं त्या गोष्टी नवख्याने टाळाव्यात: पेटलेली सिगारेट, चहाचा कप, उदबत्ती. टोपी, किल्ली, न पेटवलेला पाइप या शहाण्या वस्तू.

याच शिस्तीवर हा माणूस 1936 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’च्या चित्रपटासाठी फोर्डकडे हॉलिवूडला गेला. मग कुठे माळी, कुठे खलाशी, कुठे वेल्श मुष्टियोद्ध्याचा जोडीदार. 1944 च्या ‘गोइंग माय वे’मधल्या म्हाताऱ्या फादर फिट्झगिबनसाठी त्याला एकाच भूमिकेकरता प्रमुख आणि सहायक अभिनेता अशी ऑस्करची दोन्ही नामांकनं मिळाली. नियम तेव्हा तसं होऊ देत होते, नंतर बदलले. प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर त्याच चित्रपटाच्या बिंग क्रॉस्बीला गेलं, सहायकचं याला. युद्धामुळे पुतळा प्लास्टरचा होता आणि घरात गोल्फचा सराव करताना पठ्ठ्याने त्याचं मुंडकं उडवलं. तेही हाताला काम म्हणायचं.

सगळं गोड नाही, हेही ऐक. त्या फादरनंतर त्याला ‘गोड आयरिश म्हातारा’ हा शिक्का लागला आणि पुढे बऱ्याचदा त्याच साच्यातलं काम आलं. कॅप्टन बॉइल गोड नव्हता. मुलगा मारला गेलाय, घरातलं सामान उचलून नेलंय, आणि हा पिऊन झिंगत परत येतो. तिथे प्रेक्षकाचं हसू घशात अडकतं. गोडवा हा हाताला काम न देता मिळणारा पगार आहे. 1948 च्या ‘द नेकेड सिटी’त तो पोलीस अधिकारी आहे, तिथे तपासाचं काम असल्यामुळे तो पुन्हा ताठ दिसतो. 1945 च्या ‘अँड देन देअर वेअर नन’मधल्या न्यायाधीशाबद्दल काही लिहीत नाही. तू तो पाहिला नसणार.

तू म्हणशील, उशीर झालेल्यांना फिट्झजेराल्ड आवडायचाच. म्हण. मला तो आवडण्यात माझी सोय आहे हे मी नाकारत नाही. वेळेवर न केलेल्या गोष्टींचा हिशेब मांडला की माणूस एखादं तत्त्व धरून बसतो, आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. तरीही मी चुकत नाहीये. नायकाचा चेहरा नसणं हे दुखणं नाही. रिकामे हात हे दुखणं आहे. बँकेत दिवसभर तुझ्यासमोर हातांची रांग लागते. पासबुक दुमडणारे, अंगठा शाईत बुडवायला लाजणारे, नोटा मोजताना जीभ बाहेर काढणारे. हे सगळं सोडून तू रिकाम्या खोलीत बसून अभिनयाचा विचार करणार? आधी ही पुंजी तरी उचल.

राजीनाम्याचं एवढंच: हातात लेखी काम आणि सहा महिन्यांचा घरखर्च, दोन्ही असतील त्या दिवशी बोलू. एक असून चालणार नाही.

पोस्टमनचं मात्र आता ठरव. तो त्या घरी येण्याआधी किती जिने चढलाय? पिशवीत किती पत्रं उरली आहेत? त्याला कशाची तहान आहे, पाण्याची, सहीची, की लवकर सुटण्याची? तुझं दुसरं वाक्य सहीचं आहे. म्हणजे पेन शोधणं तुझ्याकडे आहे, आणि पेन तिसऱ्या वाक्याआधी सापडता कामा नये. ती मुलगी पत्र फोडते तेव्हा शोधणं थांबव. खरी पिशवी मिळव, तीन-चार किलो रद्दी भर, आणि पिशवीसकट वीस वेळा एंट्री कर. जिना तुमच्याच इमारतीचा चालेल.

रविवारी सकाळी ये. पिशवी घेऊन ये.

तुझा,
काका