वाचकांचे प्रश्न : साठे भरपूर, तरी तेलपुरवठा का आटतो?

प्रश्न : जगातील सर्वांत मोठे तेलसाठे व्हेनेझुएलाकडे आहेत, असे वाचले. मग तिथला पुरवठा इतका का आटला, आणि सरकार बदलले तर तो लगेच पूर्ववत होतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : साठ्याचा आकडा खरोखरच मोठा आहे. व्हेनेझुएलाने जाहीर केलेले साठे सुमारे ३०,००० कोटी बॅरलचे आहेत. मात्र त्यांतले बहुतेक तेल ओरिनोको नदीच्या पट्ट्यातले, अतिजड प्रतीचे आहे. जमिनीखालच्या उष्णतेत ते कसेबसे वाहते, पण वर येऊन निवले की थंडीतल्या काकवीसारखे घट्ट होते, आणि त्यात नॅफ्थासारखे पातळ द्रव्य मिसळल्याशिवाय नळांतून बंदरापर्यंत पोहोचत नाही. असे तेल काढायला सततची देखभाल आणि जाणती माणसे लागतात.

नेमकी तीच माणसे राजकारणात गमावली गेली. डिसेंबर २००२ मध्ये अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या विरोधात सरकारी तेल कंपनीतले अधिकारी आणि कामगार संपावर गेले, तेव्हा रोजचे सुमारे ३० लाख बॅरलचे उत्पादन काही आठवड्यांत कोसळले. संप मोडल्यावर सरकारने सुमारे १८,००० जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना, बडतर्फ केले. माझ्या मते खरा घाव संपाचा नव्हे, या बडतर्फीचा होता. कारण कोणत्या विहिरीत पाणी शिरू लागले आहे, कोणता पंप कधी उघडावा लागतो, हे वर्षानुवर्षे तिथे राबलेल्यांनाच ठाऊक असते. माराकाइबो सरोवराच्या परिसरातल्या कित्येक जुन्या विहिरी त्यानंतर पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. पुढे २००७ मध्ये ओरिनोकोतल्या प्रकल्पांवर सरकारने बहुसंख्य मालकी घेतली आणि दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या बाहेर पडल्या. २०१९ मध्ये अमेरिकेचे निर्बंध आले आणि तिथून येणारा नॅफ्थाही थांबला. २०२० मध्ये रोजचे उत्पादन सरासरी पाच लाख बॅरलच्या आसपास उरले होते.

याच्या शेजारी लिबिया ठेवून पाहावा. २०११ च्या यादवीत तिथले रोजचे सुमारे १६ लाख बॅरलचे उत्पादन जवळजवळ शून्यावर आले. ते तेल हलके आणि कमी गंधकाचे असल्यामुळे सौदी अरेबियाच्या जास्त गंधकाच्या तेलाने त्याची जागा सहज भरून निघेना, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना आपल्या राखीव साठ्यांतून सहा कोटी बॅरल बाजारात आणावे लागले. म्हणजे तुटवडा किती बॅरलचा, याइतकेच तो कोणत्या प्रतीच्या तेलाचा, हेही महत्त्वाचे असते. परंतु गद्दाफींची राजवट गेल्यावर वर्षभरातच लिबियाचे बहुतेक उत्पादन परत आले, कारण विहिरी आणि बऱ्याच अंशी माणसेही शाबूत होती. पुढे २०१३ मध्ये सशस्त्र गटांनी पूर्वेकडची निर्यात बंदरे अडवली, तेव्हा विहिरी चांगल्या असूनही पुरवठा पुन्हा तुटला.

तेव्हा आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की व्हेनेझुएलात सरकार बदलले किंवा निर्बंध उठले, तर साठवलेले तेल विकणे आणि नॅफ्था मागवणे काही महिन्यांत सुरू होऊ शकते. पण गंजलेले नळ बदलणे, नव्या विहिरी खणणे आणि देश सोडून गेलेल्या अभियंत्यांना परत बोलावणे, हे अनेक वर्षांचे आणि फार मोठ्या भांडवलाचे काम आहे.