भाऊजी म्हणतात सेंटरला टाका, काय करू?

प्रश्न : नमस्कार मॅडम, नाव छापू नका प्लीज. आम्ही बार्शी तालुक्यातले, थोडी शेती आहे आणि ह्यांचं दुकान. मुलगा सोळा वर्षांचा आहे, दहावीला मार्क चांगले पडले म्हणून लातूरला नीटचा क्लास लावला, हॉस्टेलला ठेवला. दिवाळीला घरी आला तो परत जायलाच तयार नाही, मला जमत नाही एवढंच म्हणतो. दिवसभर दार लावून बसतो, रात्र रात्र जागतो, ताट वाढून ठेवलं तर तसंच राहतं. मोबाईल काढून घेतला तर भिंतीवर डोकं आपटलं त्यानं. परवा आंघोळीला जाताना त्याच्या डाव्या हातावर कापल्याच्या रेघा दिसल्या, काही जुन्या काही ताज्या, माझ्या तर पायातलं बळच गेलं, काही बोलले नाही. ह्यांनाही सांगितलं नाही, चिडतील म्हणून. सासूबाई म्हणतात बाहेरचं असेल, देवऋष्याला दाखवू. मोठे भाऊजी म्हणतात एक सेंटर आहे, तीन महिने ठेवतात, शिस्त लावतात, पहिला महिना घरच्यांना भेटू देत नाहीत, न्यायला त्यांचीच माणसं गाडी घेऊन येतात, पोरगं सरळ होऊन येतं. साठ हजार सांगितलेत. मला तिथं पाठवायची भीती वाटते आणि घरात ठेवायचीही भीती वाटते. सुरक्षित मदत कुठं मिळेल?

उत्तर : ताई, त्या सेंटरला पाठवू नका. बाकीचं सगळं सविस्तर सांगते पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय त्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'पहिला महिना भेटू देत नाहीत' हे वाक्य. मानसिक आरोग्याचा 2017 चा कायदा आहे आपल्याकडे, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर आईवडील नाहीतर त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ त्याच्यासोबत तिथं राहिलंच पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. मोठ्या माणसांच्या वॉर्डात त्याला ठेवायचं नाही. दाखल करण्याआधी दोन डॉक्टरांनी किंवा तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि बाहेरून उपचार करून भागत नाही असं दोघांचंही मत पडलं तरच दाखल करायचं. अशा संस्थेची सरकारकडे नोंदणी लागते, व्यसनमुक्तीवाल्यांनाही लागते. साखळीनं बांधून ठेवायला तर कुणालाच परवानगी नाही. आता तुम्हीच बघा, जिथं फोनवर तीन महिन्यांचा रेट सांगतात, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत आणि आईला महिनाभर गेटच्या आत घेत नाहीत, तिथं आत काय चालतं ते तुम्हाला कळणार कसं? मारहाण झाली तरी पोरगं सांगणार कुणाला? आणि अनोळखी माणसं येऊन उचलून घेऊन गेली, घरच्यांनीच दिलं, हे मूल विसरत नाही. त्यानंतर ते तुमच्याशी काही बोलेल ही आशा सोडा. जागा सुरक्षित आहे का हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते, मला माझ्या मुलाजवळ राहता येईल का? नाही म्हणाले की विषय संपला.

आता घरातलं. हातावरच्या रेघा बघून तुम्ही गप्प राहिलात, साहजिक आहे, पण आता बोलायला हवं, आजच. तो एकटा असताना जवळ बसा आणि साध्या शब्दात म्हणा, 'हात बघितला मी तुझा. रागावले नाहीये. जीव नकोसा वाटतो का रे? मरून जावं असं येतं का मनात?' हे विचारल्यानं त्याच्या डोक्यात ते भरेल अशी भीती सगळ्याच आयांना वाटते, तसं होत नाही, उलट आत दाबून धरलेलं कुणीतरी विचारलं की मुलं बऱ्याचदा रडून मोकळी होतात. उत्तर आलं की लगेच 'असं बोलू नये' म्हणू नका, आम्ही तुझ्यासाठी किती केलं ते तर अजिबात नको. नुसतं ऐका. हो म्हणाला तर त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका, आणि कसं करायचं ते ठरवलंय असं काही बोलला तर सकाळची वाट न बघता थेट सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीला न्या. पोलीस केस होईल म्हणून काही घरं लपवतात, तर त्याच 2017 च्या कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलंय, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

अजून एक, आणि हे त्याच्या उत्तराची वाट न बघता करा. शेती आहे म्हणालात, म्हणजे फवारणीची औषधं घरात नाहीतर गोठ्यात असणार. ती आजच उचला, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा तुमच्या ताब्यात घ्या. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळासाठी उसळतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर 14416 लावा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः बोललात तरी चालतं, मुलगाच बोलला पाहिजे असं नाही. कुठं मुलांना कोंडून मारताहेत असं कळलं तर 1098 लावा, ती मुलांसाठीची हेल्पलाईन आहे.

उपचाराला सोलापूरच्या सिव्हिलला जा, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मानसोपचार विभाग आहे. ओपीडीचा वार आधी विचारून घ्या म्हणजे हेलपाटा होणार नाही. खाजगीत जायचं तर आधी एमडी सायकिअॅट्रीवालेच डॉक्टर बघा, आणि थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्यांचा आरसीआय नंबर, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक, मागा, मागायला लाजू नका. नुसती 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावतं हो, सहा आठवड्यांचा कोर्स करून. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलतील तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर थांबा, आत काय बोललास म्हणून नंतर खोदून विचारू नका. गोळ्या दिल्या तर फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि या वयात सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थपणा किंवा ते विचार वाढतायत का याकडे बारीक लक्ष द्यावं लागतं, तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन, स्वतःच्या मनानं गोळी बंद नको.

मोबाईल परत द्या त्याला. रात्रीचं किती वापरायचं ते नंतर त्याच्याशी बसून ठरवता येईल, सध्या त्यावर भांडण नको, त्याचे दोनचार मित्र असतील ते त्यातच आहेत. लातूरचा विषयही आत्ता बंद. फी गेली तर गेली. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, बार्शीत जाईल, आर्ट्सला जाईल.

आणि त्याच्या पप्पांना सांगा. मुलासमोर नको, दुकान बंद करून आल्यावर दोघंच असताना. चिडतील कदाचित, पण बऱ्याच बापांचं चिडणं म्हणजे घाबरणंच असतं आणि हे ओझं तुम्ही एकटीनं वाहणं तुम्हालाही झेपणार नाही. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल, अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, त्यानं काही बिघडत नाही, पण धुरी देणं, मारणं, उपाशी ठेवणं असलं काही चालणार नाही हे त्यांना तुमच्या मिस्टरांनीच सांगितलेलं बरं. भाऊजींना पुतण्याची काळजी आहे म्हणून तर ते धावपळ करतायत, त्यांना वाईट म्हणू नका, त्यांना म्हणा की सिव्हिलला जायचंय, तुमची गाडी हवी आणि तुम्ही सोबत हवे. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, त्या आधी काही अडलं तरी लिहा.