भाताला घड्याळाचं नाव

लाडके,

काउंटी फेअरहून, म्हणजे इथल्या शेती-गुरांच्या जत्रेहून, परतताना तू विचारलंस, "बाबा, इथे पहिल्या शेतकऱ्यांची, गुरं पाळणाऱ्यांची, घोड्यांची पैदास करणाऱ्यांची नावं भिंतीवरच्या पितळी पाट्यांवर आहेत. आपल्याकडे अशी भिंत आहे का?" गाडीत मी नुसतं "नाही" म्हणालो. ते उत्तर अर्धवट राहिलं.

आपल्याकडे मान आधी बैलाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. माझे आजोबा तिथे हळद आणि तूप लावून तळहाताने चोळत बसायचे, आणि त्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." घरात सगळ्यांना अरे-तुरे करणारा माणूस त्या दिवशी बैलाला अहो-जाहो करायचा!

पण हे बैल घडवले कुणी? आमच्याकडे खिल्लार जातीचे होते. खिल्लार या शब्दाचा अर्थ गुरांचा कळप, आणि तो राखणारा खिल्लारी. माणदेशातल्या धनगरांनी पिढ्यानपिढ्या ही जात राखली. भीमथडी घोड्याचंही तसंच. भीमेकाठचा हा लहानखुरा, काटक घोडा मराठ्यांच्या फौजेत दौडला, आणि आजही मेंढपाळांचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर चालतं: भांडी, अंथरुणं, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. जातीला नदीचं नाव मिळालं, माणसांची नावं कुठेच नाहीत.

आजीकडे तुला आवडलेला तो बारीक, मऊ भात आठवतो? एच. एम. टी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. शेती दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. वाण बाजारात गेलं तेव्हा त्याला त्या काळच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव पडलं. राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला, तरी 2018 मध्ये ते गेले ते हलाखीतच. भात लाखोंच्या ताटात पोचला आणि दादाजींचं नाव शेतातच राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता थोडं बदलतंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं घरात जपलं, वाटलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण गावोगावच्या बाकीच्यांचं काय? तुझी ती भिंत आपल्याकडेही हवी, असंच मला वाटतं.

रविवारी आजीला फोन करशील तेव्हा आजोबांच्या बैलजोडीची नावं विचार. एक सर्जा होता, दुसऱ्याचं मला आठवत नाही. आणि ती जोडी कुणाकडून आणली होती, तेही विचार. वहीत लिहून ठेव.

तुझा,
बाबा