नव्या विटांच्या घरासमोरचं अंगण कसं आखावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीजवळ घर नुकतंच बांधून झालंय, दर्शनी भिंत गिलावा न करता उघड्या विटांची ठेवली आहे, तोंड पश्चिमेला आणि पुढे 30 बाय 20 फूट काळ्या मातीची जागा आहे. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा आणि बाकी सगळं लॉन, असा तुमचा बेत आहे. त्यातला भिंतीलगतचा वाफा कृपा करून करू नका. इतक्या कळकळीनं सांगतेय, कारण आमच्या साताऱ्याच्या घराला मी तो हौसेनं केला होता.

गिलावा नसलेली वीट पाणी पिते. वाफ्याला घातलेलं पाणी जोत्यावरच्या विटांत मुरत राहिलं आणि दुसऱ्या हिवाळ्यात खालच्या चार थरांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. तिच्यावरून बोट फिरवलं की विटेची लाल पापडीही सुटून हातात यायची. लोणा लागला होता, म्हणजे विटेतले क्षार बाहेर आले होते. शेवटी वाफा उपसला, माती जोत्याच्या पातळीपासून सहा इंच खाली नेली आणि ती भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून काढली. पाण्यानं धुऊ नये, विरघळून पुन्हा आत शिरते.

म्हणून भिंतीपासून दोन फूट पट्टा झाडांशिवाय ठेवा आणि त्यात खडी पसरा. पावसात मातीवर थेंब आपटले की चिखल उडून लाल भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत ठिपके पडतात. खडीमुळे तेही टळतं. जमिनीचा उतार घराकडून फाटकाकडे हवा, दहा फुटांना दोन-अडीच इंच पुरे. नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, गवंड्याला पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पातळी मोजायला सांगा. शक्य असेल तर खर्च करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. जोराची सर आली की छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतं, कुठे तुंबतं ते पाहून ठेवा.

झाडं लावायच्या आधी अंगण हातभर खणून घ्या. नव्या घरासमोर वरून माती दिसते, पण खाली सिमेंटचे ढेकूळ, विटांचे तुकडे, खिळे असं सगळं गाडलेलं असतं. आमच्या एका खड्ड्यातून दोन घमेली वाळलेला सिमेंटचा माल निघाला. अशा जागी रोप लावलं की पानं पिवळी पडतात आणि आपण उगाच खत घालत बसतो.

आता रंगाचं बघू. लाल विटेपुढे लाल जास्वंद किंवा राणी रंगाची बोगनवेल दिसतच नाही, भिंतीत मिसळून जाते. तिथे पांढरं फूल आणि गडद हिरवं पान उठून दिसतं: अनंत, तगर, मोगरा, कुंदा. फाटकाजवळ पारिजातक लावा, पहाटे खाली सडा पडलेला असतो. वेल हवाच असेल तर तो भिंतीवर चढवू नका, मुळं विटांमधल्या दरजांत घुसतात. भिंतीपासून सुटा लोखंडी मांडव करून त्यावर जाई सोडा. आणि दरजेत पिंपळाचं इवलंसं रोप दिसलं तर त्याच दिवशी उपटा.

पश्चिमेचं ऊन हा तुमचा खरा त्रास असणार. वीट दुपारभर तापते आणि रात्रीपर्यंत ती उष्णता सोडत राहते. सावलीसाठी एक झाड हवंच. बहावा मला फार आवडतो, पण ऐन उन्हाळ्यात, सावली हवी तेव्हाच त्याची पानं गळालेली असतात. त्यापेक्षा बकुळ लावा. सावकाश वाढते, पण बारा महिने दाट राहते. भिंतीपासून चौदा-पंधरा फुटांवर खड्डा घ्या. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. पायाजवळचं मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढून घेतं, माती आक्रसते आणि भिंतीला तडे जायची भीती असते. वड, उंबर तर लावूच नका.

सगळीकडे लॉन करायचं तर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. तुमच्या जागेत ते अडीचशे लिटरच्या वर जाईल. एका कोपऱ्यात दहा बाय दहाचा तुकडा ठेवा, मुलं लोळतील. पायवाट मात्र चार फूट रुंद हवी, दोघांना बरोबरीनं चालता आलं पाहिजे. तिला खडबडीत शहाबादी फरशी वापरा. करडा दगड लाल विटेशी छान जमतो. उरलेल्या विटांची वाट करू नका, पावसाळ्यात शेवाळ धरून घसरडी होते. त्या विटा वाटेच्या कडेला तिरप्या रोवता येतील, पण दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज येईल त्याच निवडा. कच्च्या विटा जमिनीत दोन पावसाळ्यांत भुगा होतात.

आणि फरशी बसायच्या आत, पायवाटेखालून पाण्यासाठी एक आणि दिव्याच्या वायरसाठी एक असे दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. आम्ही ते विसरलो आणि तीन फरश्या उखडाव्या लागल्या.