वारा पडल्यावर जा म्हणावं

प्रश्न : सर, माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात एसेक्समध्ये असतो. तिथं वॉल्टन-ऑन-द-नेझ नावाच्या गावी समुद्रकाठी शार्कचे लाखो वर्षांपूर्वीचे दात सापडतात म्हणे. वादळ आलं की लोक दारं लावून घेतात, आणि हे पोरगं गमबूट चढवून निघतं. सुट्टीला आला तेव्हा तीन दात देऊन गेला, ते डबीत घालून पाठवतेय. खरे आहेत का? वादळातच का सापडतात? आणि आपल्या मांजरा नदीत मिळतील का? लेकीचा मुलगा हल्ली नदीवर गेला की वाळू चाळत बसतो.
— एक वाचक, निलंगा (जि. लातूर)

उत्तर : ताई, डबी मिळाली. दोन दात अस्सल आहेत. तिसऱ्या नगाचं शेवटी सांगतो.

दात भिंगाखाली धरा. बाभळीच्या काट्यासारखा निमुळता भाग जवसाच्या दाण्यासारखा चकाकतो. खालचं मूळ खरबरीत, दोन पाय फाकल्यासारखं. मधल्या सुळक्याच्या दोन्ही अंगांना टाचणीच्या टोकाएवढे बारके काटे दिसतील. सँड टायगरच्या कुळातल्या शार्कची ही खूण. रंग काळा आहे तो शार्कचा नव्हे, चिखलात मुरलेल्या खनिजांचा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो कुजून जातो. दात मात्र जन्मभर पडतात नि नवे येतात, एकेका शार्कचे हजारोंनी. म्हणून तर सापडतात.

आणि लाखो वर्षं नाही हो, कोट्यवधी! तिथल्या कड्यातली लंडन क्ले नावाची चिकणमाती सुमारे 5 कोटी 40 लाख वर्षांची. आपला काळा पाषाण साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा. म्हणजे तुमच्या उंबऱ्याचा दगड त्या दातांहून कोटभर वर्षांनी थोरला.

आता वादळ. निवृत्तीनंतर मी पुतण्याकडे गेलो होतो, तेव्हा फेब्रुवारीत तिथं दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी वादळ ऐन भरात. मीही तुमच्या चिरंजीवांसारखाच हुशार! चष्म्यावर खारं पाणी, छत्री उलटी, आणि चार तासांत हाती काय, तर बाटलीची हिरवी काच. दुसऱ्या दिवशी वारा पडला, ओहोटीला गेलो, तर तासाभरात सहा दात. खळ्यावर उपणताना भुसा उडून जातो नि दाणे पायाशी पडतात ना, तेच काम लाटा करतात. कडा खरवडून माती खाली आणतात, हलकी वाळू ओढून नेतात. जड खडे, शिंपले आणि दात एका पट्ट्यात मागे राहतात. तो पट्टा धरून वाकून चालायचं. सगळं मळकट दिसत असताना एखादीच काळी चकाकी डोळ्यात भरते. वादळानं काम करायचं, आपण मागाहून जायचं.

कारण तो कडा भरवशाचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे गढीचा बुरूज बसतो, तसा तो भिजला की बसतो, आणि आधी सांगून बसत नाही. त्याच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, वरून उकरायचं तर अजिबात नाही. ओल्या चिकणमातीत माझा एक बूट असा रुतला की पाय निघाला, बूट राहिला. भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी. पाणी उतरत असताना जावं, आणि ते फिरलं की परतावं, मग समोर कितीही मोठा दात दिसो. हे त्याला माझ्या नावानं वाचून दाखवा.

मांजरेत शार्कचा दात मिळायचा नाही. आपला खडक लाव्ह्याचा, त्यावर समुद्र आलेला नाही. विहीर खणताना निघालेले टोकदार पांढरे खडे ‘दात’ म्हणून माझ्याकडे दरसाल कुणीतरी आणतं. ते स्फटिक असतात. पण पोराला हिरमुसू देऊ नका. गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांची हजारो वर्षांपूर्वीची हाडं आणि दात सापडले आहेत. नियमही तोच: पूर ओसरला, दरड ढासळली की ते उघडे पडतात. हत्तीची दाढ पावाच्या लादीएवढी, अंगावर आडव्या पट्ट्या. दिसली तर ओढून काढू नका, तुकडे होतात. शेजारी रुपया ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलाला कळवा. तोवर मांजरेत जेवढी वाळू उरलीय तेवढी चाळू द्या त्याला.

आता तिसरा नग. तो दात नाही. जळक्या काडीसारखा दिसतो, पण मोडल्या टोकाला पितळी झाक आहे: लाकडाची काटकी, तिच्यात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज भरलेलं. दमट हवेत ते फुटून भुकटी होते आणि आम्ल सुटतं, शेजारच्या दातांनाही खातं. म्हणून वेगळ्या डबीत, बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी घालून परत पाठवतोय. श्रावणात डबी उघडू नका. दोन दात मात्र साध्या पाण्यात आठवडाभर ठेवा, पाणी रोज बदला. आतलं मीठ अजून निघालेलं नाही.