हजारो फोटो आहेत, पण पुस्तक होत नाही

फोटोग्राफी शिकणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा अडचण बहुतेक वेळा अशी मांडतात: फोटो भरपूर आहेत, पण पुस्तक होत नाही. शेवटच्या वर्षाला फोटो-पत्रकारितेचं पुस्तक करायचं असतं. एखादा विषय धरायचा, महिनोन्‌महिने त्याच्या मागे राहायचं आणि त्यातले निवडक फोटो, फोटोओळींसकट, छापील पुस्तक म्हणून परीक्षकांपुढे ठेवायचे. वर्षभर कॅमेरा गळ्यात घालून हिंडलेली मुलं नेमकी इथे येऊन थबकतात. घरच्यांना तो आळस वाटतो, शिक्षकांना बेफिकिरी वाटते, आणि मुलांना वाटतं की आपल्यात मुळात तो वकूबच नाही. मला यातलं एकही कारण सहसा खरं आढळत नाही. म्हणून अंकुशबद्दल लिहिते आहे. त्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकूर त्याने वाचला आहे आणि छापायला होकार दिला आहे.

अंकुश नागपूरचाच. विषय मारबत. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू, कागद, कापडाच्या या भल्या मोठ्या स्त्री-प्रतिमा. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार असं त्या वर्षी लोकांना जे डाचलं असेल त्याचे पुतळे. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो, इतवारीकडच्या गल्ल्या माणसांनी भरून जातात आणि शेवटी दहन होतं. १८८० च्या दशकापासून हे चालत आलं आहे. वर्षातून एकदाच.

तो आला दिवाळीनंतर. सबमिशन मार्चअखेर. पुढची मारबत त्याच्या कितीतरी नंतर.

“मॅडम, जे फोटो पाहिजे होते ते भेटलेच नाही. काळी अन् पिवळी समोरासमोर आल्या त्या वेळी मी गर्दीत मागं अडकलो होतो. वर्गातल्या पोरांजवळ ती फ्रेम आहे, माझ्याजवळच नाही. आता काय पुस्तक करू?”

कामाबद्दल बोलण्याआधी मी झोप, जेवण, मित्रांशी बोलणं, आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. हे प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, आणि थेट विचारते. त्याची झोप बिघडली होती, पण मरणाचे विचार नव्हते. असे विचार येत असतील तर पुस्तकाचं बघू नंतर. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आधी तिथे किंवा डॉक्टरांकडे जावं.

मग मी विचारलं की रोज रात्री कॉम्प्युटरसमोर बसून तू करतोस काय? त्याने फोल्डरची नावं बदलली होती, तारखेनुसार, मग लेन्सनुसार, मग पुन्हा तारखेनुसार. पानं लावायच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ पाहिले होते. नवा कॅमेरा किती हप्त्यांत येईल याचा हिशेब केला होता. पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कसा मिळतो ते वाचून काढलं होतं. आणि हे सगळं करता करता इन्स्टाग्रामवर इतरांची मारबत बघत होता. एका गोष्टीला मात्र हात लावला नव्हता. कुठला फोटो ठेवायचा आणि कुठला सोडायचा, ही निवड.

याला आळस म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. आळशी माणूस पहाटे तीनपर्यंत जागत नाही. निवड करायची म्हटली की अंकुशच्या छातीत धडधडायचं. फोल्डर आवरायला घेतले की धडधड थांबायची. म्हणजे निवड टाळल्याबद्दल मनाला लगेच बक्षीस मिळत होतं, आणि ज्याला बक्षीस मिळतं ते मन पुन्हा करतं. दुसऱ्या दिवशी भीती थोडी आणखी वाढलेली असायची, कारण एक दिवस कमी झालेला असायचा. या चक्रात ‘मनापासून मेहनत कर’ हा सल्ला निरुपयोगी आहे. मेहनत तो करतच होता.

आणि निवडीची भीती मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. नामवंत फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांना १९५५ साली अमेरिकेतली गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ते अमेरिकाभर फिरले, सत्तावीस-अठ्ठावीस हजार फ्रेम काढल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ फोटो घेतले. त्याच १९५५ मध्ये अमेरिकन फोटो-पत्रकार यूजीन स्मिथ यांच्याकडे पिट्सबर्ग शहराचे शंभर फोटो काढायचं काम आलं, काही आठवड्यांचं. ते त्यात वर्षानुवर्षं अडकले, हजारो निगेटिव्ह जमल्या, अख्खं शहर फोटोंत मावलं पाहिजे हा ध्यास सुटेना. अखेर १९५९ च्या एका वार्षिकात ८८ फोटो छापून आले आणि त्यावरही ते समाधानी नव्हते. स्मिथ यांच्या प्रतिभेबद्दल कोणाला शंका नाही. अंकुशला मी दोघांबद्दलही सांगितलं, कारण त्याची समजूत अशी होती की खऱ्या फोटोग्राफरला निवड आपोआप सुचते.

“तुझं पुस्तक काय सांगतं?” मी विचारलं.

“मारबत.”

“तो विषय झाला. मारबतीबद्दल काय?”

बराच वेळ गप्प. मग परंपरा, संस्कृती, वारसा असे शब्द आले, जे कुठल्याही अहवालात चालतात. मी प्रश्न बदलला. घरात एकाच माणसाला एकच फोटो दाखवायचा असेल तर कोणाला दाखवशील, आणि कोणता? तो लगेच म्हणाला, “आजीले.” आणि मोबाइलवर जो फोटो काढून दाखवला तो मिरवणुकीचा नव्हताच. दर्शनाला आलेल्या एका बाईने तान्ह्या बाळाला मारबतीच्या पायाशी धरलं होतं. बाळ रडत होतं, बाई डोळे मिटून उभी. फोटो किंचित हललेला. म्हणून त्याने तो ‘रिजेक्ट’मध्ये टाकला होता.

“हा का?”

“आजी मलेबी घेऊन गेली होती म्हणते, लहानपणी. मी लय आजारी राहत होतो.”

पुढच्या भेटीला तो एक वाक्य लिहून घेऊन आला: लोक मारबतीजवळ काय सोडून जातात. या वाक्यात मिरवणुकीला जागा होती, पण सगळं तिच्यावर अवलंबून नव्हतं. हुकलेली फ्रेम नसली तरी पुस्तक होऊ शकत होतं. हे त्याला मी पटवून दिलं नाही. ते त्याला स्वतःच्या वाक्यात दिसलं, म्हणून टिकलं.

निवडीसाठी मी त्याला कॉम्प्युटरपासून उठवलं. दीडशेएक फोटो चार बाय सहा इंचांत साधे छापून घ्यायला सांगितले, तेही गल्लीतल्या लॅबमधून. पडद्यावर फोटो कधी संपतच नाहीत. फरशीवर मात्र त्यांना कडा असते, बाजूला शेजारी असतो, आणि एक उचलला की दुसऱ्याचा अर्थ बदललेला डोळ्यांना दिसतो. तीन ढीग करायचे: पाहिजेच, नको, सांगता येत नाही. तिसरा ढीग मोठा झाला तर होऊ दे. दिवसाला अर्धाच तास, अलार्म लावून, आणि अलार्म वाजला की उठायचं, जमत असलं तरी. भीतीच्या कामाला ठरलेला शेवट असला की त्याच्याजवळ जाणं सोपं पडतं.

एक फोटो बाजूला ठेवताना त्याला रडू आलं. पहाटेपासून एका गच्चीवर उभं राहून, पावसात कॅमेऱ्याला पिशवी बांधून काढलेला. सुंदर होता, पण त्या वाक्याशी त्याचं काही नातं नव्हतं. किती कष्टाने फोटो काढला याचा मोबदला आपण पुस्तकात मागतो, आणि वाचकाला तर ते कष्ट दिसतही नाहीत. हे मान्य करायला कोणालाही वेळ लागतो. अंकुशने तो फोटो घरी भिंतीवर लावला. मला हे फार योग्य वाटलं.

ढीग लागले तसं खरं दुखणं वर आलं. माणसांचे जवळून काढलेले फोटो जवळपास नव्हतेच. सगळं लांबून, मोठ्या लेन्सने, वरून. तो म्हणाला, “लोकायले काय वाटंल, हा फुकटचा फोटो काढून राहिला.” मला हा संकोच दोष वाटत नाही. ज्याला तो अजिबात वाटत नाही अशा फोटोग्राफरची मला जास्त काळजी वाटते. पण संकोच वाटतो म्हणून लांबूनच फोटो घेतले तर समोरच्याला ‘नाही’ म्हणायची संधीही मिळत नाही.

म्हणून पायऱ्या ठरवल्या. आधी मारबत बनवणाऱ्यांच्या वस्तीत कॅमेरा न घेता जायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. मग ज्यांचे फोटो आधीच काढले आहेत त्यांना शोधून त्यांचा प्रिंट हातात द्यायचा. मग नाव विचारायचं. कॅमेरा सगळ्यात शेवटी. प्रिंट दिला त्या दिवशी त्याचा फोन आला, आवाज पार बदललेला. एका काकांनी त्याला घरात बसवून जुन्या मिरवणुकांचे पिवळे पडलेले फोटो काढून दाखवले होते. पिढ्यान्‌पिढ्या बांबू कसा बांधत आले ते हातवारे करून समजावलं होतं. बाकीच्यांच्या संग्रहात तो समोरासमोरचा क्षण होता, पण हे घर कोणाकडेच नव्हतं.

दुसऱ्या एका घरी नकार मिळाला. बाळाच्या आईने सांगितलं, फोटो छापायचा नाही. आणि हाच तो आजीला दाखवायचा फोटो. पुस्तक ज्यातून उगवलं तोच हातचा गेला. त्याने विचारलं, बाळाचा चेहरा अस्पष्ट करून चालेल का? मी त्यालाच विचारलं, तिने काय सांगितलं? फोटो निघाला. त्याऐवजी त्याने आजीकडून जी आठवण ऐकली होती ती तिच्याच शब्दांत, एका कोऱ्या पानावर घेतली. माझ्या मते पुस्तकातलं ते सगळ्यात ताकदीचं पान आहे.

असाच एक प्रश्न विजेच्या तारांचा. मारबतीच्या तोंडावरून आडव्या गेलेल्या तारा सॉफ्टवेअरने पुसाव्यात असं त्याला फार वाटत होतं. हा प्रश्न त्याच्या शिक्षकांचा होता, आणि त्यांनी स्पष्ट उत्तर दिलं: फोटो-पत्रकारितेत उजेड-काळोख कमीजास्त करता येतो, समोर होतं ते काढता येत नाही आणि नव्हतं ते घालता येत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांत एवढ्यावरून फोटो बाद होतात. मी त्याला फक्त एवढंच विचारलं की तारा असल्या तर वाईट काय? तो म्हणाला, “गरीब वस्ती दिसते.” त्यावर आमचं त्या दिवशी बराच वेळ बोलणं झालं, आणि ते फोटोबद्दल नव्हतं.

छपाईचं काम त्यामानाने भराभर झालं, कारण ते मोजता येतं. सबमिशनची तारीख कॅलेंडरवर लिहून आम्ही मागे मागे आलो: बांधणीला इतके दिवस, छपाईला इतके, त्याआधी चाचणी छपाई, त्याआधी फोटोओळी तपासणं. पहिली डमी, म्हणजे नमुना प्रत, त्याने घरच्या प्रिंटरवर, साध्या कागदावर केली. मध्ये पिन मारून बांधायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे त्याची ५० पानं ४८ झाली आणि आणखी दोन फोटो गेले. या वेळी त्याने ते स्वतःच काढले. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत एका आजोबांचा चेहरा बरोबर शिवणीत गेला होता. डमी केली नसती तर ते छापून आल्यावर कळलं असतं. नव्या कॅमेऱ्याचा प्रश्नही असाच सुटला. जुन्या कॅमेऱ्याचे ६००० बाय ४००० पिक्सेल, छपाईच्या ३०० डीपीआयने (दर इंचाला तीनशे ठिपके) भागले की २० इंच रुंदी मिळते. ए-फोर पुस्तकाला आणखी काय हवं? आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, पण परीक्षेच्या चार-सहा प्रतींना त्याची गरज नसते. तो विषय मी बंद करायला लावला.

त्याचे वडील एकदा भेटायला आले. चिंतेत होते आणि ती रागातून बाहेर येत होती. “पोरगं रातभर जागते, पैसा लागूनच राहिला, अन् याच्यातून नोकरी भेटते का?” नोकरीची हमी मी देऊ शकत नव्हते, तसं सांगितलंही. पण विषय ठरवणं, अनोळखी माणसांचा विश्वास मिळवणं, खर्चाचा अंदाज काढणं, छापखान्याशी बोलून वेळेत काम करून घेणं, एवढं सगळं तुमचा मुलगा एकट्याने करतो आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी डमी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, “हा बुवा आपल्या बुधवारीतला न?” पुढचा अर्धा तास बापलेकच बोलत होते.

पुस्तक वेळेत गेलं. परीक्षकांनी फोटोओळींचं कौतुक केलं आणि मागचा भाग सैल आहे, मिरवणुकीचे फोटो एकापुढे एक नुसते येतात, असंही सांगितलं. अंकुशला ते पटलं. निकालानंतर त्याने फोन केला तेव्हा मागच्या भागातले कोणते सहा फोटो काढायचे हे त्याने ठरवून टाकलं होतं. येत्या पोळ्याआधी मारबतीचं काम सुरू होईल तेव्हा बसायला जागा देतो, असं त्या काकांनी कबूल केलं होतं, तेही त्याने सांगितलं.